सरांचे परग्रहवासी

आमच्या सरांचं म्हणणं होतं, पृथ्वीवरचं जीवन मूळचं इथलं नव्हेच. दगडात झोपलेले जंतू आकाशातून आले, पाण्यात पडले, जागे झाले आणि यथावकाश त्यांचे प्राध्यापक झाले. हे सांगताना ते खडू वर फेकायचे, "हा अशनी!" आणि झेलायला विसरायचे. पहिल्या बाकावरचे आम्ही सगळे तेव्हा पृथ्वी होतो.

मग त्यांना खरा अशनी मिळाला. तो फोडून त्यांनी आतून जंतू वाढवून दाखवले. विभागाने हार आणला. पुढे तपासणीत निघालं, की हे पाहुणे सरांच्याच उजव्या अंगठ्यावर राहणारे. हातमोज्याला भोक होतं. हार परतही मागितला असता, पण तो सुकला होता.

सर पोट धरून हसले. त्या जंतूंच्या कुपीवर 'परग्रहवासी' अशी चिठ्ठी चिकटवून त्यांनी ती डीप फ्रीझरच्या तळाशी ठेवली. मग निवृत्त झाले, आणि मग, नेहमीप्रमाणे कोणालाही न विचारता, गेले.

आता तो फ्रीझर भंगारात निघाला. नव्यात जागा कमी. काय ठेवायचं ते विभागप्रमुख म्हणून मी ठरवायचं. सरांची कुपी मी टाकाऊ ढिगात ठेवली आणि गंमत म्हणून काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, तसं फोनवर सांगितलं.

"टाकाऊ म्हणजे काय करणार?"

"वाफेत उकडतात. मरतात."

"म्हणजे अजून जिवंत आहेत?"

"झोपलेत, काकू. बर्फात."

"मी येईपर्यंत हात लावलास तर याद राख."

काकू आल्या. त्यांना ते जंतू बघायचे होते. मी कुपीतला थेंब काचेच्या ताटलीत पसरला, उबेत ठेवला. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा मोहरीएवढे पांढरे ठिपके उगवले होते.

"हे ह्यांच्या अंगठ्यावरचे?"

"त्यांची पतवंडं म्हणा."

"लग्न झाल्यापासून मी कानीकपाळी ओरडत होते, हात धुवा, हात धुवा. ऐकलं असतं तर आज काय उरलं असतं?" त्यांनी चष्मा काढून काचेकडे पाहिलं. "हा पुसून देतो म्हणायचे. आणि मधोमध अंगठा उमटवून परत द्यायचे. आता चष्मा स्वच्छ असतो. मेला कायम स्वच्छ."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तेवढ्यात काकूंनी झाकण उचललं आणि ताटलीच्या मोकळ्या बाजूला स्वतःचा अंगठा दाबला.

"काकू! आता कुणाचे कुठले ते कळायचं नाही!"

"एवढी वर्षं तरी कुठे कळत होतं?"

पुढच्या खेपेला तिथेही ठिपके होते. नव्या फ्रीझरमध्ये जागा नव्हतीच. माझ्या एका महत्त्वाच्या प्रयोगाची कुपी काढून टाकली. तिचं महत्त्व फक्त मलाच माहीत होतं. सगळे ठिपके एकाच कुपीत भरले, जुनी चिठ्ठी सोडवून तिच्यावर डकवली.

काकूंनी पेन मागितलं आणि 'परग्रहवासी'च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'सहकुटुंब'.