विजेत्याचं मनोगत

सोदामनं बूट काढून अंत्यविधीगृहातल्या दालनाच्या दारापाशी जोडून ठेवले आणि आत पाऊल टाकता टाकता पुष्पचक्रांवरच्या फिती वाचून काढल्या. पांढऱ्या शेवंतीची माणसाएवढी उंच चक्रं भिंतीला ओळीनं उभी होती. एक कामगार संघटनेचं, एक शाळेच्या वर्गमित्रांचं, एक नगरसेवकाचं. शेवटचं कारखान्याच्या मालकाचं. ते कुणीतरी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, त्यामुळे त्याची फीत वाचायला तिला मान वाकडी करावी लागली. भिंतीकडे तोंड केलेलं मालकाचं पुष्पचक्र. बातमीची सुरुवात म्हणून झकास होतं ते. तिनं मनात टिपून ठेवलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली, पण टिपलेलं काही पुसलं नाही.

मग तिनं उदबत्ती लावली, फोटोसमोर दोनदा जमिनीला कपाळ टेकवलं आणि बाजूला काळ्या हानबोकमध्ये, सुतकाच्या पारंपरिक पोशाखात, बसलेल्या बाईपुढे एकदा. फोटोतला मुलगा सव्वीस वर्षांचा होता. बांग यूचान. गुनसान शहरातल्या फिशकेकच्या, माशांच्या वड्यांच्या, कारखान्यात, दोघांनी करायचं काम एकटा करताना परवा यंत्राच्या पट्ट्यात ओढला जाऊन मेला. फोटो ओळखपत्रावरचा असावा. हसावं की नाही हे न ठरल्यासारखा चेहरा होता.

"यूचानची मैत्रीण का गं तू?" बाईनं विचारलं.

सोदाम वाक्य घोकून आली होती. आपलं नाव, वृत्तसंस्थेचं नाव, तीव्र दुःख. ते म्हणण्याऐवजी तिनं मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ लोक हो असा घेतात हे तिला माहीत होतं. म्हणूनच तर घातली.

"ये, बस पोरी. जेवल्याशिवाय जायचं नाही."

सकाळी दोन वार्ताहर येऊन गेले होते. दारात दुखवट्याच्या पैशांची पाकिटं घ्यायला बसलेल्या यूचानच्या मामांनी त्यांना हात धरून बाहेर काढलं होतं, एकाचा कॅमेरा जिन्यावर आपटला होता. म्हणूनच सोदामच्या साहेबांनी तिला काळा कोट घालायला लावला होता. "कॅमेरा नको, वही नको. गप जेव, रड, आणि आईचं एक वाक्य घेऊन ये," असं बजावलं होतं. "एकच वाक्य गं. बाकीचं मशीन लिहितं."

ते खरंच होतं. उन्हाळ्यापासून बातम्या मशीनच लिहीत होतं. सोदामच्या रांगेतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या होत्या, आणि उरलेल्यांचं काम म्हणजे मशीननं लिहिलेल्यातल्या चुका काढणं. तरुणांना नोकऱ्या नाहीत. तरुण लग्न करत नाहीत. तरुण भाड्याच्या खोलीत एकटे मरतात आणि वास सुटल्यावर शेजाऱ्यांना कळतं. दिवसभर ती असल्या बातम्यांची शीर्षकं सरळ करायची, आणि सगळं संपवून खुर्ची मागे ढकलली की तिच्या डोक्यात प्रकाश पडायचा, की हा जो कुणी तरुण म्हणतात तो आपणच. तिचा करार वर्षाखेरीला संपत होता. पुढे वाढवायचा की नाही ते साहेब ठरवणार होते. मशीनला सगळं येतं, फक्त कुणाच्या घरी जाऊन, रडून वाक्य आणता येत नाही, म्हणून अजून ती पगारावर होती.

बाईनं स्वतः ताट आणलं. लालभडक मटणरश्शासारखं सूप, भात, शेंगदाणे, किमची. प्लास्टिक अंथरलेल्या बैठ्या मेजावर ताट ठेवून ती समोरच बसली. जेवायला दुसरं कुणीच नव्हतं. दिवस कामाचा होता, आणि यूचान ज्या पाळीत गेला त्याच पाळीत त्याच्या ओळखीचे सगळे आत्ता कामावर होते.

"त्याला कुठे भेटलीस?"

"लिखाणाच्या वर्गात," सोदाम म्हणाली. खोटं बोलायचं तर अंगातलंच काहीतरी बोलावं, म्हणजे पकडलं जात नाही.

बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं आणि गेलं. "लिहायचा खरा काहीतरी. मी म्हणायचे, डोळे फोडून घे अजून. म्हणायचा, आई, एक दिवस फोन येईल." ती किंचित हसली. "कसला फोन ते काही सांगितलं नाही. मला वाटलं, सोलमध्ये नोकरी बघतोय."

सोदामचा चमचा सुपातच राहिला.

कसला फोन ते तिला कुणी सांगायला नको होतं. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. कोरियातली मोठी वर्तमानपत्रं नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात नव्या लेखकाची एक कथा छापतात, हजारो कथांतून निवडून. ज्याची ती छापून येते तो लेखक, बाकीचे सगळे नुसते लिहिणारे. निवडलेल्याला या आठवड्यात फोन येतो. सोदाम चार वर्षं त्या फोनची वाट बघत होती. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेत होती. अशा सगळ्या लिहिणाऱ्यांचा एक समज होता की संपादकीय विभागाचा नंबर फोनमध्ये साठवला तर तो कधीच वाजत नाही. त्यामुळे नंबर कुणीच साठवायचे नाहीत, आणि आईबापांच्या नंबरापेक्षा तो जास्त पाठ असायचा.

मेजाच्या कडेला पालथा ठेवलेला एक फोन थरथरू लागला. काच तडकलेली, कव्हर मच्छीच्या वासाचं.

"त्याचाच आहे," बाई म्हणाली. "कपाटात होता कामावरच्या. सकाळपासून हे वर्तमानपत्रवाले. नंबर कोण देतं यांना कुणास ठाऊक. बघ गं, तेच असतील तर कट कर."

सोदामनं फोन उलटा केला.

नंबर सोलचा होता. शेवटचे चार आकडे वाचायच्या आधीच तिला कळलं. स्वतःच्या फोनवर उमटेल म्हणून इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत आली होती तोच तो नंबर.

"वर्तमानपत्रवालेच आहेत, काकू."

"कट कर मग."

तिनं कट केला.

यात खोटं काहीच नव्हतं. वर्तमानपत्रवालेच होते, आणि बाईनंच सांगितलं होतं. सोदामनं फोन होता तसा पालथा ठेवला, शेंगदाणा उचलला, तोंडात टाकला, आणि तो चावायचा कसा हेच तिला आठवेना.

"जरा हात धुऊन येते," असं म्हणून ती उठली.

बाहेर येऊन तिनं बूट घातले आणि जिन्याच्या खिडकीपाशी उभी राहिली. हात धुवायचे नव्हतेच. खिशातून स्वतःचा फोन काढून तिनं तळहातावर धरला. विजेता फोन उचलत नसेल तर दोन-तीनदा प्रयत्न करतात आणि मग दुसऱ्या क्रमांकाच्या कथेकडे वळतात, असं त्यांच्यात बोललं जायचं. एका वर्षी कुणी सैन्यात होता म्हणे, त्याची संधी अशीच गेली. दोन वर्षांपूर्वी सोदामचं नाव अंतिम फेरीच्या यादीत छापून आलं होतं. या वेळची कथा त्याहून बरी होती. दुसरी असू शकेल. का नसावी? मेलेल्या माणसाला लेखक होऊन काय करायचंय?

असा विचार तिनं केला. अगदी याच शब्दांत केला, आणि मग खिडकीच्या काचेत तिला काळ्या कोटातली एक बाई दिसली, अंत्यविधीगृहाच्या जिन्यात फोन हातात धरून वाजण्याची वाट बघणारी.

फोन वाजला. साहेब.

"मिळालं का काही?"

"अजून नाही, सर."

"अगं मग गेलीस कशाला? सूप प्यायला? हे बघ सोदाम, मुलगा काही गात-बित होता का, चित्रं काढायचा का, असलं काहीतरी बघ. स्वप्नं अर्धी राहिलेला चालतो. नुसता कामगार कोण वाचतं?"

तिला हसू आलं. हसण्यासारखं होतंच. फोन कट करून त्या मुलाला बुडवलं तर कदाचित कथा तिची लागणार होती, आणि खरं सांगून त्याला तारलं तर साहेबांना हवी ती बातमी मिळून करार वाढणार होता. काहीही केलं तरी फायदा तिचाच. तो मात्र दोन्हीकडून मेलेलाच होता.

आत फोन थरथरल्याचा आवाज आला. बाई तो उचलणार नाही हे उघड होतं. मेजावर प्लास्टिकवर तो सरकत होता, आवाज इथपर्यंत येत होता.

सोदाम आत धावली. मधल्या चौथऱ्यावर चढली, चटई ओलांडून मेजापाशी आली तेव्हा मामा ओरडले, "ए! बूट! बूट!" तिच्या पायांत बूट होते. चिखलाचे ठसे फोटोसमोरून सरळ आले होते.

"घ्या काकू, घ्या तो फोन. तोच आहे. तो म्हणायचा तो फोन."

बाईनं आधी तिच्या बुटांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. मग फोन कानाला लावला.

"हॅलो... नाही, मी त्याची आई."

पलीकडचा आवाज तरुण आणि उत्साही होता. शब्द कळत नव्हते, पण सोदामला ते सगळे पाठ होते. अभिनंदन. आपली कथा. परीक्षकांचं एकमत. ही कथा दुसरीकडे कुठे पाठवलेली नाही ना? एक तारखेपर्यंत कुणाला सांगू नका.

बाई ऐकत राहिली. एकदा तिनं फोटोकडे पाहिलं.

"तो कामावर आहे," ती म्हणाली. "हो. आला की सांगते. फोटो ना? पाठवते. आणि काय पाठवायचं?... बरं. बरं. उद्यापर्यंत. फार उपकार झाले हो तुमचे."

फोन खाली ठेवून तिनं दोन्ही हातांनी तो झाकून धरला. मामा फडकं घेऊन ठसे पुसत होते. सोदाम बूट हातात घेऊन उभी होती, आणि रडू येतंय हे तिला गालावर ओल आल्यावर कळलं.

"मनोगत पाठवायचंय म्हणे," बाई म्हणाली. "विजेत्याचं. अर्धं पान. ते कोण लिहिणार आता?"

सोदाम पुसल्या जाणाऱ्या ठशांकडे बघत होती.

"तूच लिही. वर्तमानपत्रातली आहेस ना? तुला येत असेल."

सोदामच्या हातातला एक बूट खाली पडला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आलीस तेव्हाच. माणूस आत आला की आधी माझ्या लेकराच्या फोटोकडे बघतो. तू आधी फिती वाचल्यास." बाईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "बस खाली. म्हटलं, असू दे. सकाळपासून सूप तसंच पडलंय, कुणीतरी जेवेल तरी. पण एक सांग, हे उद्या छापणार तू? मेलेल्याला बक्षीस लागलं म्हणून? एक तारखेच्या आत त्यांना कळलं तर काढून घेतील का गं त्याचं?"

"माहीत नाही, काकू."

"मग एक तारखेपर्यंत तो कामावर आहे."

सोदाम बसली. साहेबांचा संदेश येऊन पडला होता. काही गावलं का, असं विचारलं होतं. तिनं लिहिलं, काही नाही सर, नुसता कामगार होता. लगेच उत्तर आलं, ठीक आहे, सोमवारी तुझ्या कराराचं बोलू. ती दोन वाक्यं एकाच संदेशात का लिहिली हे समजायला मशीन लागत नव्हतं.

मग तिनं फोनमधलं एक जुनं पान उघडलं. हे तिनं आजवर कुणाला दाखवलं नव्हतं, पण लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असलं एक पान असतंच. तिनं स्वतःचं मनोगत चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, हॉटेलात भांडी घासायची तेव्हा, आणि दर डिसेंबरला फक्त वर्ष बदलत होती.

"एक लिहिलेलं आहे," ती म्हणाली. "वाचू?"

"वाच."

"हा फोन मला कामावर असताना आला. हात ओले होते, म्हणून आधी घेता आला नाही. मला वाटलं, आता ते पुन्हा करणार नाहीत..."

बाईनं डोळे मिटले होते. सोदाम थांबली. बदलायचं तर बदलते, असं म्हणणार होती.

"ओलेच असायचे गं त्याचे हात," बाई म्हणाली. "हिवाळ्यात भेगा पडायच्या. असू दे ते. पुढे वाच."

सोदामनं शेवटपर्यंत वाचलं. आईचे आभार होते, ते तसेच चालणार होते. कोपऱ्यातल्या खोलीतल्या अंधाराबद्दल एक वाक्य होतं, तेही चाललं. बाईनं तिच्यापुढचं गार झालेलं सूप उचललं आणि गरम आणायला आत गेली. मनोगताच्या खाली सोदामचं नाव होतं. तेवढंच पुसायचं राहिलं होतं.