वाकडे पडदे

काजलचं स्टेटस मी माझ्या मोबाइलवर कधी उघडत नाही. उघडलं की तिला कळतं, कोणी कोणी बघितलं ते. म्हणून रविवारी संध्याकाळी आमचे हे आंघोळीला गेले की मी त्यांचा मोबाइल उचलते आणि त्यावर बघते. त्यामुळे गेली दोन वर्षं काजलच्या जेठांना, म्हणजे आमच्या ह्यांना, सहलीच्या फोटोंची फार आवड आहे.

काजल म्हणजे माझी देराणी, धाकटी जाऊ. दीर हेमकांत शहाद्याला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. आम्ही लोणखेड्याला, हे शेती बघतात आणि मी शिलाई करते. दोन्ही घरांत पायी वीस मिनिटांचं अंतर. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती आणि मला बोलायला कोणी नव्हतं, दोघींचं भागलं. चौदा वर्षं आम्ही पापड-कुरडया एकत्र केल्या, नवऱ्यांना एकत्र नावं ठेवली. तिच्या घरातलं सगळं शिवण माझ्या मशीनवरचं. तिची झंपरं, उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे.

मग ती गाडी आली.

हेमकांतभाऊजींनी एका शाळेची जुनी सतरा सीटची ट्रॅव्हलर घेतली आणि आयटीआयमधल्या दानियल सरांना हाताशी धरून, सुट्टी-सुट्टीला खपून तिचं घर केलं. आत दोन लांब बाकडी, ओढली की पलंग. एवढासा ओटा, त्यावर गॅस, शेजारी हात धुवायचं बेसिन, टपावर पाण्याची टाकी, बाजूला ताडपत्रीचं छप्पर. दानियल सर नवापूरकडचे. त्यांची बायको ग्रेसी तिकडच्याच डोंगरातली, आता शहाद्यात एका दवाखान्यात नर्स आहे. आणि त्या गाडीचे पडदे ग्रेसीनं शिवले.

निळे, पिवळ्या फुलांचे. स्टेटसवर दिसले तेव्हा मी दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला. एका पडद्याची उजवी बाजू चांगली दोन बोटं खाली आली होती. मला इतकं बरं वाटलं, की ह्यांना न मागता चहा करून दिला.

मला कोणी बोलावलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. गाडी पहिल्यांदा उनपदेवच्या गरम कुंडाला निघाली तेव्हा काजल घरी येऊन म्हणाली होती, चला ताई. आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा 'बघू' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'एवढं म्हणताच आहात तर' म्हणत पिशवी भरायला घ्यायची. मी रीतीप्रमाणे नाही म्हटलं. काजल म्हणाली, "बरं ताई," आणि चहा पिऊन गेली. दुसरी खेप आलीच नाही. मी शनिवारी रात्रीपर्यंत पिशवी दाराआड भरून ठेवली होती. रविवारी तिच्यातले कपडे परत घडी करून ठेवताना मीच मला दिसू नये म्हणून आरशाकडे पाठ केली.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी ते चौघं निघायचे. कधी प्रकाशाला तापीच्या काठी, कधी सापुताऱ्याला. कधी काहीच नाही, नुसती गाडी कुठल्या तरी बांधाशेजारी उभी करून खिचडी टाकायचे. फोटोत पुढच्या सीटवर, भाऊजींच्या शेजारच्या खिडकीशी, नेहमी ग्रेसी आणि तिच्या मांडीवर काजलची पर्स. एका फोटोत काजल तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेली होती. तो फोटो मी तीन वेळा बघितला. डोकं दुखलं की माझ्या मांडीवर पडणारी बाई होती ती.

यंदा पंधरा ऑगस्ट कानबाईच्या आठवड्यात आला आणि सगळं घडलं ते त्यामुळे.

कानबाई श्रावणातली, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी बसते. तिचे रोट म्हणजे जाड, खरपूस पोळ्या. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचेच करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला घासभर देता येत नाही. आमच्यात लग्न झालेल्या लेकीलाही चालत नाहीत. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून ओततो. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे. आमच्याकडे थोरली म्हणून रोटांचा डबा माझ्या ताब्यात असतो.

तर डब्यात पुष्कळ रोट उरले होते आणि ते चौघं जोडून सुट्टी बघून तोरणमाळला निघाले होते. काजल म्हणाली, ताई, तुम्ही दोघं या, डबा घेऊन या, वरच संपवू. यावेळी मी पहिल्या खेपेलाच हो म्हटलं. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले.

खरं सांगायचं तर मला तोरणमाळचं काही नव्हतं. मला तो डबा ग्रेसीच्या समोर उघडायचा होता. भाऊबंदांची पंगत बसेल, काजल माझ्या हातचा रोट घेईल आणि ग्रेसी बाजूला बसून बघेल, एवढंच मला हवं होतं.

झेंडावंदन आटोपून सकाळी नऊला भाऊजींच्या अंगणात सामान भरायला घेतलं. रात्रीच्या स्वयंपाकाचं सामान वर जाऊनच घ्यायचं आणि दुपारचं जेवण ग्रेसीनं घरून आणायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. तिनं मोठा चारताळी डबा आणला, ओट्याखालच्या कप्प्यात ठेवला आणि काजलबरोबर घरात गेली. दोघी आतून हसत होत्या. मी रोटांचा डबा घेऊन कप्प्याशी वाकले. तिचा डबा काढल्याशिवाय माझा मावत नव्हता. शिवाय त्यात काय असेल कोण जाणे, श्रावण आहे, आणि देवाच्या रोटांना खेटून. असं मी स्वतःला सांगितलं. तिचा डबा काढला, ओसरीवर पाण्याच्या माठाआड ठेवला. दुसरीकडे जागा करून ठेवू, असंही स्वतःला सांगितलं. मग भाऊजींनी हॉर्न दिला, आणि मी चढून बसले.

डबा मी विसरले नव्हते. म्हसावद येईपर्यंत तो मला दर वळणावर आठवत होता.

घाटात धुकं इतकं होतं, की ग्रेसी पुढच्या सीटवरून हात बाहेर काढून म्हणाली, मला माझी बोटं दिसत नाहीत. काळापाणीच्या पुढे गाड्यांची रांग दिसली. वर दरड कोसळली होती. जेसीबी यायला दोन-तीन तास लागतील, असं पुढचा एक ट्रकवाला सांगून गेला. मागे वळायला जागा नव्हती. भाऊजींनी ताडपत्री ताणली, चहा झाला, बिस्किटं संपली. दीड वाजला. काजलनं कप्पा उघडला.

ग्रेसीचा डबा नव्हता. तिनं बाकड्याखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं. दानियल सर म्हणाले, माझीच चूक, मी बघायला हवं होतं. ग्रेसी म्हणाली, मी तर ठेवला होता. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. चौदा वर्षांत मी कधी काही विसरले नव्हते, म्हणून.

गाडीत खायला आता फक्त रोट होते.

आमचे हे भुकेले की देवभोळे होतात. त्यांनी बेसिनकडे बोट दाखवून विचारलं, "हाई पानी कोठे जास?"

"रस्तावर," भाऊजी म्हणाले.

"मंग बालदी लाव."

बादली लागली. रोट ताटात निघाले, गूळ निघाला. आणि मला हवी होती तशी पंगत बसली. भाऊजी खाली मान घालून बसले होते. दानियल सर कसलं तरी निमित्त काढून टायर बघायला उतरले. ग्रेसी पुढच्या सीटवर पाठमोरी बसली होती. काजलनं एक रोट उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"ले, खाय. कोन देखी ऱ्हायनं आठे?"

माझा हात काजलचं मनगट धरायला उठला होता. त्याआधी ग्रेसीच बोलली.

"नको काजल. ताईंचा नेम आहे. मोडू नको." मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही खा ताई, आम्हाला काही वाटत नाही. आमच्या डोंगरातही देवाचं असतंच असं." आणि छत्री घेऊन उतरली.

माझ्या ताटातला रोट तसाच होता. मी तो पदराखाली झाकून डब्यात परत ठेवला आणि तिच्यामागे गेले.

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. पावसाची बुरबुर होती. मी शेजारी बसले. तिनं छत्री थोडी माझ्याकडे कलती केली, तेव्हा मला राहवलं नाही.

"डबा मी काढला गाडीतून," मी म्हटलं.

तिनं छत्रीची दांडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "ठेवायला विसरलात?"

किती सोपी वाट करून दिली होती तिनं. नुसती मान हलवायची होती.

"नाही," मी म्हटलं.

समोर धुक्यात एक म्हैस उभी होती. आम्ही दोघी तिच्याकडेच बघत होतो.

"उडदाची डाळ होती आणि तांदळाच्या भाकरी," ग्रेसी म्हणाली. "कांदा-लसूण घातला नव्हता. काजल म्हणाली होती, ताईंचा श्रावण असतो. पहाटे चारला उठले होते." मग म्हणाली, "का पण?"

मला तिला फार काही सांगायचं होतं. उनपदेवच्या वेळी भरलेली पिशवी, खांद्यावरचं डोकं, सगळं. तोंडातून आलं ते भलतंच.

"त्या घरचे पडदे मी शिवते."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "ते वाकडे झालेत," ती म्हणाली. "काजल दर खेपेला ऐकवते. ताईंनी शिवले असते तर असे झाले नसते. ताईंच्या हातची खिचडी अशी नसते. ताई असत्या तर आता हे म्हणाल्या असत्या. दोन वर्षं मी तुमच्याच गोष्टी ऐकत फिरतेय. कधी कधी वाटतं, त्या बाईला घरी ठेवून आलोत की सोबत आणलंय?"

"मग मला बोलावत का नाही ती?"

"तुम्ही नाही म्हणालात ना." ती नवलानं बघत होती. "आमच्याकडे यायचं असलं की माणूस हो म्हणतो."

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "हो, चुकलं. मला राग आलाय. पोटात काही नाही म्हणून जास्तच आलाय. आधी काहीतरी खाऊ, मग बघू. आणि काजलला तुम्हीच सांगा. मी चुगली करणार नाही, पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

वळणाच्या खाली पाड्यावरची मंगळीबाई नावाची एक बाई मक्याची कणसं भाजत बसली होती. रांगेतले सगळे ड्रायव्हर तिच्याभोवती जमले होते. ग्रेसी तिच्याशी कुठल्याशा बोलीत बोलली, अर्धं त्यांचं जुळलं, अर्धं हातवाऱ्यांवर गेलं. दानियल सरांना हाक मारून दोन कणसं दिली, उरलेली घेऊन आम्ही दगडावर आलो. मी कणसाचे दाणे एक ओळ धरून सोडवते. ग्रेसी थेट दातांनी ओरबाडते. त्यावरून मी काहीतरी म्हटलं, तिनं उलट काहीतरी म्हटलं, आणि राग असूनही तिला हसू आलं. मलाही.

तेव्हा गाडीच्या खिडकीतला वाकडा पडदा सरकला.

"काय बोली ऱ्हायनात तुम्ही दोन्ही?" काजल म्हणाली. "माले बी सांगा ना."

तो आवाज मी ओळखला. वरून सहज, आतून घट्ट. दोन वर्षं तो माझ्याच घशात बसला होता.

"काही नही," मी म्हटलं. "तू रोट खाय."

पडदा पडला. एक मिनिट मला फार सुख झालं, खोटं कशाला बोलू. मी माझं कणीस संपवलं. मग उरलेलं एक तिच्यासाठी हातात घेतलं आणि तिला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. माठाआडच्या डब्यासकट.

काजल उभ्यानं ऐकत होती. तिनं माझ्या हातातून कणीस घेतलं आणि पार बुरखुंडापर्यंत खाल्लं. मला वाटलं, गेली ही. चौदा वर्षं गेली. मग तिनं बुरखुंड दरीत फेकलं.

"जेठना मोबाइलवर मन्हं स्टेटस कोन देखस, ते माले ठाव नही का?" ती म्हणाली. "तुमना पोटमा दुखाले पाहिजे, म्हनीसन तं टाकस मी. दोन वरिस व्हयनात. तरी तुम्ही येतस नही."

आणि ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, घरी गेल्यावर तो डबा तुम्हीच घासायचा आणि ग्रेसीची माफीही तिच्या घरी जाऊन मागायची. मी हो म्हटलं. पहिल्याच खेपेला.

साडेचारला रस्ता मोकळा झाला. सगळे चढू लागले तेव्हा ग्रेसी पुढच्या दाराशी थांबली.

"ताई, पुढे बसता का? धुकं छान दिसतं."

"नको नको, तू बस," मी म्हटलं.

जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता. ग्रेसी "बरं" म्हणाली आणि बसली. त्यांच्याकडे तसंच असतं.

मी मागे काजलशेजारी जाऊन बसले. पहिल्या वळणावरच तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पडद्याची उजवी बाजू माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती. पिशवीत सुई-दोरा होता, तो माझ्याकडे नेहमीच असतो. मी खालची शिवण दोन बोटांत धरून बघितली, टाके तसे मजबूत होते. आणि सोडून दिली.