मागे वळणारा अंगठा

मसाजच्या कामाची मुलाखत मालकिणीच्या पाठीवरच द्यायची असते, हे तिथे पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं. ताई टेबलावर पालथ्या झोपल्या, टेबलाच्या भोकात चेहरा टेकवला आणि खालून म्हणाल्या, "कर सुरू. मी बोलत राहीन, तू लक्ष देऊ नकोस."

मी आधी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे. ती बंद पडल्यावर मसाजचा कोर्स केला. आई म्हणाली, "एवढं शिकून लोकांचे पाय चेपणार?" मी म्हटलं, नुसते पायच नाहीत, मानसुद्धा. ती हसली नाही. आज नकार मिळाला, तर मामाच्या ओळखीने एका कार्यालयात चिकटायचं, असं ठरलं होतं.

तळहातावर तेल कोमट करून मी खांद्यांपासून सुरुवात केली. उजव्या खांद्याखाली वाटाण्याएवढी गाठ लागली.

"हे इतकं का आवळलंय?" माझ्या तोंडून गेलं.

"जन्मभर दुसऱ्यांचे खांदे दाबून आणखी काय होणार? घरी बरणीचं झाकण लेक उघडून देते. नवरा म्हणतो, साऱ्या गावाला हात लावतेस, माझ्या मानेनं काय पाप केलंय?"

"मग सोडलं का नाही?"

"सोडावंसं वाटतं की. आजारी पडलं तर त्या दिवशी हातात काही नाही. फोनवर काही पुरुष नको ते विचारतात. उभं राहून पोटऱ्यांचे दगड होतात. पण माणूस येतो तेव्हा त्याची मान वळत नसते. जाताना दारातून मागे बघतो. बघता येतं म्हणून बघतो गं. ते मला अजून आवडतं. शिवाय डोक्यावर साहेब नाही."

मी गाठीवर अंगठा रोवून काम करत राहिले. काही वेळाने त्या चादर गुंडाळून उठून बसल्या.

"अंगठा दाखव." त्यांनी तो हलकेच मागे ढकलला. "अगं बाई, हा तर मनगटाकडेच निघाला. हात चांगलाय तुझा, पण हा सांधा लवकरच बोंबलेल. जाणूनबुजून तुला कशी घेऊ?"

लहानपणी हाच अंगठा वाकवून मी मैत्रिणींना घाबरवायचे. आता तो नमुन्यासारखा निरखला. सांधा सैल होता. भार नेमका त्याच्यावरच येत होता.

"त्याच्यावर भारच दिला नाही तर? कोपरानं केलं तर?"

"मी नाही कधी केलं. कोपराला काय कळतंय?"

"कळतं का, ते बघू या. परत झोपता?"

ताई घड्याळाकडे बघून कुरकुरल्या, पण झोपल्या.

मी अंगठा मुठीत कोंबला आणि कोपराखालचा भाग पाठीवर ठेवला. आधी काहीच कळेना. जाड हातमोजा घालून चाचपडल्यासारखं. मग हाताचा जोर सोडला, शरीराचं वजन पुढे दिलं आणि हळूहळू सरकत गेले. स्नायूची कड लागली. तिसऱ्या फेरीत गाठही लागली, पुसट.

"थोडं मणक्याकडे जाऊ?"

"मला नको विचारूस. तूच सांग."

मी बोटभर आत सरकले.

मग ताई म्हणाल्या, "हां. हलू नकोस." आणि जरा वेळाने, "सोमवारपासून ये. अंगठा लावताना दिसलीस तर घरी पाठवीन."

मी हलले नाही. डाव्या कोपरालाही एवढंच कळतं का, हे मला आता बघायचं होतं.