राजांची आटलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, करकंबच्या बजाबाईने काळ्या मेंढ्यांची लोकर कातली, तिच्या नवऱ्याने मला मागावर विणले आणि चिंचोक्याची खळ देऊन वाळवले.

एका लहान संस्थानाचे धाकटे राजे, रायाजीराजे, फौजेत अधिकारी म्हणून निघाले, तेव्हा बजाबाईने मला त्यांच्या हाती दिले. म्हणाली, "राजं, शाल मिरवायला बरी. डोंगरात हीच पांघरा."

राजांनी ऐकले. बर्फात मी त्यांना ऊब दिली, त्यांच्या जखमी शिपायांनाही दिली. पुढे राजे परदेशात राजदूत झाले. तिथे मला कोचावर जागा होती. पाहुणे हात फिरवून कौतुक करत. पण एका नव्या नोकराने मळकी दिसते म्हणून मला उकळत्या पाण्यात धुतले. मी आटून निम्मी झाले. राजांचे पाय उघडे पडू लागले, तरी त्यांनी मला टाकले नाही. मायदेशी परतून मंत्री झाल्यावर मोटारीत शेजारी ठेवू लागले.

बाहत्तर सालच्या दुष्काळात ते सोलापूरकडे, करकंबजवळच्या एका चारा छावणीवर आले. दारात बजाबाई उभी होती. पार वाकली होती. मागे तिची चाळीस मेंढरे, पोटे खपाटीला गेलेली. छावणीत फक्त गाईगुरे घेत होते.

मोटारीचे दार उघडताच तिने मला ओळखले आणि ओढून बाहेर काढले.

"आगं बया! हिला कुणी उकळली? राजं, लोकर शिजवत्यात व्हय?"

बरोबरचे साहेब दचकले. राजे ओशाळून म्हणाले, "चुकलं, बजाबाई. दुसरी द्याल का करून?"

"कशाची करू? उद्या मेंढरं खाटकाकडं निगाली. तुमच्या छावनीत त्यास्नी जागा न्हाय म्हनं."

राजांनी साहेबांकडे पाहिले.

"सर, हुकूम तसाच आहे."

"कुणाचा?"

साहेब खाली बघत म्हणाले, "आपल्याच सहीचा, सर."

"मेंढरं माझ्या ध्यानातच आली नाहीत," राजे म्हणाले. मग मला धुळीत अंथरून ते मांडी घालून बसले आणि नवा हुकूम लिहू लागले.

"झाली न्हवं सही?" बजाबाई म्हणाली. "मग दार उगडा की!"

राजे उठायच्या आतच मेंढरे माझ्यावरून आत घुसली.

मित्रांनो, आम्हा लोकरीच्या वस्तूंना थंड पाण्यात धुवा, नीट घडी घालून ठेवा. आणि पांघरताना, ही ऊब कुणाच्या अंगावरून आली, तेवढे आठवा. एवढे शहाणे राजे, पण तेही विसरले होते.