रूपाची पानगळ

आम्ही पानवे. पहूरच्या पलीकडे डोंगरात अंजनाचे रान जिथे दाट होते, तिथे आमची वस्ती आहे. वस्ती म्हणजे घरे नव्हेत. उभे राहण्याच्या जागा. माणसांच्या डोक्यावर केस असतात, आमच्या डोक्यावर पाने, अंजनासारखी जोडपाने. आमच्या तळपायांना सुतासारख्या बारीक मुळ्या असतात. आम्ही स्वस्थ उभे राहिलो की त्या मातीत उतरतात आणि चालू लागलो की आत ओढल्या जातात. आमची मुले श्रावणात जन्मतात. कार्तिकापर्यंत त्यांना सावली नसते. पहिली सावली पडते त्याच दिवशी नाव ठेवायचे, असा आमचा रिवाज आहे.

सावलीला आम्ही देहाचाच भाग मानतो. थोरांना आम्ही वाकून नमस्कार करीत नाही. त्यांच्या सावलीत जाऊन उभे राहतो. मी वस्तीची थोरली. माझी सावली आजवर कोणाला अपुरी पडलेली नाही.

फाल्गुनात पळस पेटला की आमची पाने गळतात आणि चैत्र-वैशाख आम्ही झोपून काढतो, उभ्यानेच, हातात हात घालून. श्वास इतका मंदावतो की कोळी निःशंकपणे आमच्या बोटांत जाळी विणतात. मात्र झोपेपूर्वी प्रत्येक पान गळलेच पाहिजे. पान अंगातले पाणी हवेला देत राहते आणि त्या दोन महिन्यांत जमीन काही परत देत नाही. हिरवा राहिलेला पानवा ज्येष्ठ पाहत नाही.

माझी नात रूपा गेल्या पावसाळ्यापासून जळगावला असते. काचेच्या बरण्यांत केळीची रोपे वाढवतात अशा एका प्रयोगशाळेत ती काम करते. डोक्यावरून ओढणी घेतली की शहर कोणाकडे निरखून पाहत नाही. या फाल्गुनात ती पहूरला एसटीतून उतरून डोंगर चढून आली, तेव्हा निम्मी वस्ती पाने गळून उघडी झाली होती. तिने ओढणी काढली आणि आम्ही पाहतच राहिलो. एकही पान पिवळे नव्हते.

"दखा, दखा!" माझा धाकटा दीर वना ओरडला. "आपन बठ्ठा टकल्या, आन् ही दखा, सजेल कानबाई देवी!"

"नाना, तुमी जळी ऱ्हायनात," रूपा हसून म्हणाली.

मग सगळे तिच्या सावलीत उभे राहिले. तिच्या अंगावर तेज आहे, शहर तिला मानवले आहे, असे मीही म्हणाले. दाट सावली म्हणजे निरोगी देह, हे आम्ही जन्मापासून शिकतो. फाल्गुनात तिचा अर्थ उलटा होतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. फाल्गुनात हिरवे असलेले कोणी आम्ही पाहिलेच नव्हते.

पळसाची फुले झडून गेली. वस्ती एकेक करून झोपू लागली आणि रूपा तशीच हिरवी राहिली. एका दुपारी मी तिच्याजवळून गेले तेव्हा तिची सावली मला ओली लागली, वाळत घातलेल्या लुगड्याजवळून जावे तशी. मी तिचे तोंड वर केले. ओठ फुटले होते.

"तुझ्या त्या प्रयोगशाळेत अंधार केव्हा होतो?"

"होतच नाही, मोठी माय. रोपांना सतत उजेड लागतो."

"आणि खोलीत?"

"खिडकीसमोर रस्त्यावरच्या दिव्याचा खांब आहे." तिला कळले. "मोठी माय, मना देठले रातच नही भेटनी."

वना अर्धवट झोपेतून पुटपुटला, "तोडी टाकूत ना मंग पानं."

"वना, जीभ आवर," मी म्हणाले. पान आपल्या वेळी गळते तेव्हा देठाचे तोंड मिटलेले असते. ओढून काढले तर ते उघडे राहते आणि सगळा रस तेथून वाहून जातो. आमच्यात दुसऱ्याचे पान तोडणाऱ्याला कोणी सावलीत घेत नाही.

देठ अंधारातच मिटतो. तिच्या देठांना तो हवा होता. रात्री रान तो देत होते. दिवसाचा मला द्यायचा होता. बाकीचे सारे उघडे होते आणि उघड्या देहाला सावली नसते. थोरलीने सर्वांना झोपवून मग पाने टाकायची असतात, म्हणून माझी अजून डोक्यावर होती, पिकलेली, सुटायला आलेली. मी रूपाला समोर उभे केले, तिचे कपाळ माझ्या खांद्याला टेकवले आणि तिच्यावर वाकले.

सुटू पाहणारे पान धरून ठेवणे म्हणजे आलेली शिंक धरून ठेवणे. फरक इतकाच की हे कित्येक दिवस चालते. चैत्राचे ऊन माझ्या पाठीवरून सरकत राहिले. मधमाश्या आल्या, आम्हांला झाड समजून गेल्या. कधी वाटे, मीच त्या काचेच्या बरणीत उभी आहे आणि बाहेरून कोणी दिवा धरला आहे. माझे पाणी माझ्याच पानांतून जात होते, हे मला समजत होते आणि तिलाही.

"मोठी माय, तुनी पानं गळू दे. मी जळगावले परत जासू. तठे नळ शे."

"नळाखाली उभे राहून कोणी उन्हाळा झोपत नाही. बोलू नकोस, बोलण्यातही पाणी जाते."

मग तिच्या कानामागचे एक पान पिवळे झाले. मी तिला सांगितले नाही. घाई केली तर देठ बिथरतात. दुसऱ्या दिवशी कपाळावरची पिवळी झाली आणि त्यानंतर एका संथ दुपारी, वारा नसताना, ती सगळी गळाली. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि लहान मुलीसारखी रडली, कोरडी.

तेव्हाच मी माझी पाने सोडली. पायांखाली मुळ्या उतरवू गेले तर त्या उतरेनात. तळपाय खापरासारखे झाले होते. रूपाने माझा हात धरला. तिच्या मुळ्या मातीत शिरल्या, खोल, जिथे अजून ओल होती.

"आते तू झोप," ती म्हणाली. "मी मांगून झोपसू."

माझ्यानंतर कोणी झोपले असे एकही वर्ष नाही. तिला खडसावायला तोंड उघडले, आणि तेवढ्यात तिच्या तळव्यातून पहिला थेंब माझ्या हातात आला. थंड होता. दुसऱ्याची वाट पाहत मी डोळे मिटले.