पोळ्याला मोटार

आमच्या ह्यांनी दुभती म्हैस देऊन मोटार आणली, ही गोष्ट आमच्या गावात, साखऱ्यात, अजूनही हसत हसत सांगतात. माझ्यासमोर मात्र कोणी सांगत नाही, कारण माझी जीभ गावाला माहीत आहे.

मोटार म्हणजे निजामाच्या काळातली एक ऑस्टिन. गोरेगावात एका जहागीरदाराच्या परसात लिंबाखाली पडून होती. टप फाटलेला, चाकं मातीत रुतलेली, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. शेजारच्या संतरामच्या बैलगाडीमागं दोरखंडानं बांधून ह्यांनी ती ओढत आणली, तेव्हा मी दारात उभी होते. सकाळी त्याच वाटेनं माझी म्हैस गेली होती. एवढा संताप आला, की आत जावं आणि दाराला कडी घालावी असं वाटलं. पण घातली नाही.

का घातली नाही तेही सांगते. हे एसटीत ड्रायव्हर होते. वीस वर्षांत कोणाची कोंबडीही त्यांच्या चाकाखाली आली नाही. मग तपासणीत डोळे नापास झाले आणि त्यांना स्टेअरिंगवरून उतरवलं. परभणीच्या डॉक्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, की नजरेची नस सुकत चालली आहे, चष्म्यानं काही होणार नाही आणि गेलेली नजर परत येणार नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याच्या खोलीत उजेडच नव्हता. कसं दिसंल?" त्यावर पुन्हा मला बोलूच दिलं नाही.

घरी बसले खरे, पण बसणं त्यांच्या अंगातच नव्हतं. ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून परत ओट्यावर. जेवताना डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा, डावा हात ताटाशेजारी गिअर शोधायचा. फाट्यावरून गाडीचा हॉर्न आला की घास तसाच हातात ठेवून उठायचे आणि "आज लेट हाय" म्हणायचे. त्यांची ती येरझार बघून माझंही चित्त थाऱ्यावर राहिना. भाजी करपायची, दूध उतू जायचं आणि दोष मी मांजराला द्यायचे.

म्हणून मोटार घरात येऊ दिली. हाताला काम मिळालं तर माणूस ठिकाणावर येईल, एवढाच माझा हिशोब होता.

आणि हात चालले की त्यांचे! म्हशीच्या रिकाम्या छपरात मोटार गेली. हे दिवसभर रॉकेलच्या घमेल्यात लोखंड घासत बसायचे. पेट्रोलच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलं होतं, ते त्यांनी तारेनं टोकरून काढलं. मी जुनी सतरंजी दिली, तिचा टप शिवला. आठवड्याला हिंगोलीची एक खेप व्हायची आणि पिशवीतून नटबोल्ट यायचे. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, किसनराव, हात काय सफाईचा आहे तुमचा, न बघता पाना बरोबर बसतो.

न बघताच बसत होता. हे फक्त मला ठाऊक होतं. बोल्ट ते बोटांनी चाचपायचे. चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवायचे. अंगणात कोणी आलं, की माणूस बोलेपर्यंत ते थांबायचे आणि मग नाव घ्यायचे. एकदा मी मुद्दाम काही न बोलता पुढ्यात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा घासायला लागले.

त्या दिवशी मला एक उमगलं. मोटार दुरुस्त झाली की हा माणूस ती रस्त्यावर काढणार. रस्त्यावर लेकरं, शेरडं, म्हाताऱ्या बाया. छपरातला ठोकण्याचा आवाज थांबला, की मला वाटायचं झालं वाटतं काम, आणि हातातलं टाकून मी धावत जायचे. आवाज चालू असला, की वाटायचं काम पुढं सरकतंय. दोन्हीकडून जीव टांगणीला. काम संपू नये आणि सुटूही नये, असं काहीतरी मला हवं होतं आणि तसं जगात कुठं मिळत नाही.

शेवटी इंजिन जुळलं. पण ते फिरवायचं कसं? पुढून घालायचं हँडल कधीच हरवलं होतं. बॅटरीत ठिणगीपुरता जीव होता, इंजिन फिरवण्यापुरता नव्हता. हे संतरामला सांगत होते, "बैल जुपून वढायची. जरा पळू द्यायची. मी गिअर टाकून क्लच सोडला की झाली चालू." संतराम मान हलवून म्हणाला, "कवा बी सांगा मामा. माझी जोडी हायच."

मी तिथंच ज्वारी निवडत बसले होते. एकदम डोक्यात आलं आणि मी सूप खाली ठेवलं.

"पोळ्याला चालवा," मी म्हणाले. "सगळ्या गावाम्होरं. चालली तर मोटार तुमची, मी जन्मात तोंड उघडनार न्हाई. न्हाई चालली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन नेईल. संतराम, तुमी साक्षीला हाय."

"कबूल!" हे इतके खूश झाले, की त्यांनी मांडीवर थाप मारली. "पोळ्यालाच. सगळा गाव येशीवर असतो."

संतराम माझ्याकडं बघतच राहिला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. बिचारा गप्प बसला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. गावात राहिलेल्या कोणाच्याही आलं असतं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी तुपाहळदीनं खांदे मळायचे आणि सणाला तो खांदा मोकळा ठेवायचा. हे अडाण्यालाही कळतं. पण आमच्या ह्यांनी वीस वर्षांत एक पोळा घरी केला नव्हता. सणाला डबल ड्यूटी. सजलेले बैल ते बघायचे गाडीच्या काचेतून, या गावचे आणि त्या गावचे; खांदा मोकळा ठेवायची रीत ते विसरूनच गेले होते. मी हे ओळखून बोलले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पोळ्याला सकाळीच अंघोळ करून, खांद्यावर दोरखंड टाकून हे संतरामकडं गेले. मी पुरण वाटत होते, पण कान बाहेर.

"आज?" संतरामचा आवाज भिंतीपलीकडून आला. "मामा, आज खांद्यावर जू? पाया पडतो, उद्या न्या. आज न्हाई."

हे परत आले. दोरखंड ओट्यावर टाकला. मी चुलीपाशी होते आणि ते उतरंडीकडं तोंड करून बोलले, "तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"काहून केलं असं?"

मी चुलीत लाकूड सारलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं, भांडायला मी तयारच होते. पण ते मोटारीत जाऊन बसले आणि स्टेअरिंग पुसत राहिले. पुसलं की उतरायचे, भोवती एक फेरी मारायचे, पुन्हा बसून पुसायचे. जिंकले होते मी, आणि पोळी मात्र एकही धड लाटता येईना. सारखं पुरण बाहेर. हातातलं लाटणं मी दोनदा आपटलं.

ऊन कललं तशी वाजंत्री वाजायला लागली. बैल वेशीकडं निघाले. आणि तेवढ्यात संतराम आमच्या अंगणात आला, मागं पंधरा-वीस माणसं.

"मामा, बसा गाडीत," तो म्हणाला. "आमी वढतो."

"आरं, तुमी काहून?"

"तुमी फाट्यावर गाडी थांबवून राहिले व्हते ना आमच्यासाठी? तिथं स्टाप नसताना. माझी बायको अडली तवा सगळी पाशिंजर घेऊन गाडी दवाखान्याच्या दारात नेली तुमी. आज आमची बारी."

मी संतरामची बाही ओढून त्याला बाजूला घेतलं. "नका वढू," मी म्हणाले. "ह्यायला बराबर दिसत न्हाई."

तो हसला. "मामी, मामाला रस्ता पाठ हाय. उगं भिऊन राहिल्या तुमी."

आता ओरडून सगळ्यांना सांगणं एवढाच मार्ग होता. पण हे स्टेअरिंग धरून ताठ बसले होते, अंगात खाकी शर्ट, इस्त्री केलेला. वीस माणसांसमोर त्या माणसाला आंधळा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. माझी जीभ, जिला सगळा गाव भितो.

दोर लागला. माणसं ओढायला लागली, मग पळायला. मोटार अंगणातून वाटेवर, वाटेवरून वेशीच्या रस्त्याला. मी बैलांना ओवाळायची आरती तशीच हातात घेऊन बोळातून आडवी धावले. मागं "हो, हो" ओरडणं चाललं होतं, आणि मधेच इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. काय आरोळी उठली! माणसं दोर सोडून बाजूला झाली आणि त्यांनी टोप्या उडवल्या. खरं सांगते, त्या आवाजानं माझाही ऊर भरून आला. माझ्या नवऱ्यानं मेलेलं लोखंड उठवलं होतं.

पण मोटार थांबली नाही. आपल्या जोरावर ती हळूहळू वेशीकडं चालली होती. वेशीत तोरणाखाली बैल उभे, झुली घातलेले, आणि बैलांच्या पायाशी लेकरं. सगळ्यांना वाटत होतं, मामा थांबतील.

मी आरती दगडावर ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

ओरडले नाही. हातही वर केला नाही. मला बघायचं होतं. भर उजेड, अंगावर हिरवं लुगडं, आणि मी सरळ त्यांच्या समोर. ते माझ्याकडंच बघत होते आणि हसत होते. इतकं मोकळं हसू मी डॉक्टरकडून आल्यापासून बघितलं नव्हतं. आणि तसेच हसत ते माझ्या अंगावर येत राहिले.

इंजिनची धग पोटाला लागली तेव्हा मी दोन्ही हात बॉनेटवर आपटले आणि किंचाळले. ब्रेक लागला. बंपर माझ्या गुडघ्याला धडकला आणि मी खाली बसले.

"कोण हाय?" हे ओरडले. "कोण हाय मधी?"

वाजंत्री थांबली. सगळ्या गावानं ऐकलं. संतराम धावत आला होता, तो जागीच थबकला.

मी उठले. मोटारीला धरून लंगडत त्यांच्या बाजूला गेले आणि स्टेअरिंगवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी व्हते," मी म्हणाले.

"तू? लागलं का तुला?"

"न्हाई."

त्यांनी माझा हात बांगड्यांपर्यंत चाचपला. 

"घरात दिसत न्हाई, वावरात न्हाई, ते ठावं हाय मला," ते म्हणाले. आवाज हळू होता, माझ्यापुरता. "पण वाटलं व्हतं, गाडीत बसलो की दिसंल. इथून वीस वरसं दिसलं हाय मला. म्हनून करत व्हतो गं ही मोटार."

 इतके दिवस मी समजत होते, की हा माणूस जगाला फसवतोय. तो स्वतःच एवढ्या आशेवर बसला होता आणि मी ती त्याच्याच गावासमोर मोडली होती. तरी पुन्हा तशी वेळ आली, तर मी तिथंच उभी राहीन.

"बंद करा आता," मी म्हणाले.

त्यांनी चाचपून चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला. ते मान वाकडी करून ऐकत राहिले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, घडी घालून तो परत ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"म्होरं काय काय हाय, सांग," ते म्हणाले.

मी दार उघडलं, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगायला लागले.