खटक्याचा चाकू

दादानं चाकू आणला तो मखमलीच्या डबीतून. डबी जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि झाकण त्यानं स्वतःच उघडलं, कारण धाकटीला ते एका हातानं जमेल याची त्याला खात्री नव्हती.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात ती धाकटीच, आणि दादाचं बघून बाहेरही धाकटीच. लग्न तिनं केलं नाही. दादा-वहिनीच्या घरात मागच्या खोलीत राहायची आणि जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्या कारखान्यात काम करायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मागच्या हिवाळ्यात तिथंच एका सोफ्याचा सांगाडा मांडणीवरून घसरला आणि तिच्या डाव्या मनगटावर आला. हाड सांधलं, नस काही सांधली नाही. हात होता, दिसायला धड होता, पण पकड गेली. चहाचा कपसुद्धा त्या हातात राहत नसे.

"बघ तरी," दादा म्हणाला. "तू परत कामाला जायचं म्हणतेस ना? म्हटलं, भारीतला भारी आणावा."

चाकू खरंच देखणा होता. हाडाची पिवळसर मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि मिटलेलं पातं मुठीत असं बसलेलं की मध्ये केस जाणार नाही. वहिनीनं हात पुसून तो घेतला, वजन बघितलं, "दागिनाच की हो," म्हणाली आणि नणंदेच्या हाती दिला.

धाकटीनं तो तळहातात धरला. पात्यावर नखासाठी बारीकशी खाच होती. तिनं अंगठा वाकवून तिथं नख लावलं. स्प्रिंग कडक होती. नख सटकलं. पुन्हा लावलं, पुन्हा सटकलं. मग तिनं मूठ दोन गुडघ्यांमध्ये धरून बघितली, पण गुळगुळीत हाड फिरायला लागलं. शेवटी तिनं पातं दातात धरलं.

"अगं, दात तुटतील!" दादानं चाकू तिच्या तोंडातून जवळजवळ ओढूनच घेतला. दोन हातांनी टकदिशी उघडला आणि तिच्यासमोर ठेवला. "हे बघ, एवढं सोपं आहे. मी उघडून देत जाईन की."

"आणि मिटायचा कुणी?"

"मीच मिटेन."

धाकटीनं त्या उघड्या पात्याकडे बघितलं. पोलाद उत्तम होतं, जोड उत्तम होता, दोन पिढ्या टिकला असता. "चाकू चांगला आहे, दादा," ती म्हणाली. "माझ्या उपयोगाचा नाही. परत दे."

"परत दे? अगं, किती हिंडून आणलाय मी!"

"सोन्याची सुरी असली म्हणून उरात खुपसून घेतात का कुणी?"

दादा जेवणावरून उठून गेला. वहिनीनं चाकू मिटून डबीत ठेवला आणि झाकण लावलं. ओठाच्या कोपऱ्यात तिचं हसू दडलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी कारखान्यात गेली. तिच्या टेबलावर कुणीतरी स्पंजच्या लाद्या रचून ठेवल्या होत्या. मालक जुना माणूस, दादाचा दोस्त. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तू पुढच्या खोलीत बस. गिऱ्हाइकं येतात, त्यांना कापडाचे नमुने दाखव. फोन घे. पंख्याखाली, आरामात."

"आणि माझं टेबल?"

"धाकटे, आता कसं बोलायचं तुझ्याशी..." त्यानं कान खाजवला. "साधा चाकू उघडत नाही म्हणे तुझ्यानं. इथं दिवसभर कापाकापी. एका हातानं टाळी वाजत नाही बाई."

"टाळी वाजवायला कोण आलंय? मला कापड कापायचंय." आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "चाकूचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मालक नमुन्यांच्या पुस्तकाची पानं चाळायला लागला. सांगायची गरज नव्हती. दादाचा सकाळी फोन येऊन गेला होता.

"सोमवारी येते मी," धाकटी उठत म्हणाली.

"ये ना. उघडून मिटून दाखव, मग बघू."

"दाखवायला नाही येणार. कामाला येणार."

घरी येऊन तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच हाक मारली, "वहिनी, बाजारात चल."

"काय आणायचंय?"

"चाकू."

वहिनीनं गॅस बंद केला. "चल. आपला हात जगन्नाथ म्हणतात, तुझा तर आता एकटाच जगन्नाथ. त्याच्या मनासारखं बघू काहीतरी."

अशी थट्टा त्या घरात फक्त वहिनी करायची, आणि धाकटीला ती आवडायची. बाकीचे तिच्याशी बोलताना आवाज उतरवत, जणू घरात कुणी झोपलं आहे.

दुकान कुलपं, कात्र्या आणि चाकूंचं होतं. गल्ला सांभाळणारा माणूस गोरटेला, गप्पिष्ट, काचेच्या पेटीमागे बसलेला. त्यानं धाकटीचा लोंबता हात बघितला आणि न विचारताच एक गुलाबी प्लास्टिकचा चाकू पुढे केला. "हा घ्या ताई. हलका आहे, धारही बेताची आहे. लागायची भीती नाही."

"कापायची तरी भीती आहे का त्याला?" धाकटीनं विचारलं.

वहिनी खोकल्याचं निमित्त करून हसली. दुकानदारानं गुलाबी चाकू मुकाट्यानं आत ठेवला आणि पेटीतले सगळे बाहेर मांडले.

आजवर धाकटीनं चाकू पारखले होते ते दोन हातांच्या माणसाच्या हिशेबानं. पोलाद बघायचं, जोड बघायचा, मूठ घामानं घसरते का ते बघायचं. आज पहिला प्रश्नच वेगळा होता, आणि त्या प्रश्नावर अर्धी पेटी बाद झाली. नखाची खाच असलेले सगळे तिनं बोटानं बाजूला सारले. दुकानदार हळहळत होता. "अहो, तो तर आमचा सगळ्यात टिकाऊ..."

"टिकू दे. तुमच्याकडेच टिकू दे."

मग त्यानं हुकमाचा पत्ता काढला. बटण दाबलं की पातं सपकन बाहेर येणारा चकचकीत चाकू. तिनं दाबलं. आलं. वहिनी दोन पावलं मागे सरली. पुन्हा दाबलं, आत गेलं. दुकानदाराचा चेहरा फुलला. पण धाकटीनं पातं काचेवर टेकवलं, डाव्या कोपरानं वरून दाबून धरलं आणि उजव्या हातानं मूठ हलवून बघितली. पातं मुठीत डुगडुगलं, सैल दातासारखं.

"हा एक महिना मिरवेल," ती म्हणाली. "आत कापडाचा भुगा गेला की बसला रुसून."

असं एकेक करत शेवटी पेटीच्या कोपऱ्यातला एक उरला. काळा, बोजड, ज्याला दिसायला रूप म्हणून नाही असा. पात्याच्या बुडाशी गोल भोक होतं. तिनं अंगठा त्यात घातला आणि ढकलला. पातं वळलं आणि पाठीमागचा खटका खट्ट करून बसला. तो आवाज तिला आवडला. तिनं पातं काचेवर टेकवलं, कोपर ठेवलं, मूठ हलवली. हललं नाही. मग बोटं मुठीतल्या पात्याच्या खाचेपासून लांब ठेवून तिनं पात्याची पाठ पेटीच्या लाकडी कडेवर आपटली. एकदा, आणि मग जोरात.

"ओ ताई! माझी पेटी!"

"पेटी राहील. काम करताना खटका सुटला तर माझी बोटं जातील. आधीच कामाची पाचच आहेत."

खटका सुटला नाही. आता मिटायचा. अंगठ्यानं खटका दाबला तर पातं ढकलायला हात कुठला? दुकानदार मदतीला सरसावला. वहिनीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि तो जागच्या जागी थांबला. धाकटीनं चाकू मांडीशी नेला, खटका दाबत पात्याची पाठ मांडीवर टेकवली आणि रेटली. पातं वळलं. अर्ध्यावर अडकलं. तिनं पकड बदलली, पुन्हा रेटलं, आणि मिटलं.

"पण ताई, खरं सांगू का? याचं पोलाद मऊ आहे," दुकानदार आता प्रामाणिक झाला होता. "धार उतरेल. त्या भावात मी वेगळा..."

"उतरू दे. मऊ पोलाद दगडावर दोन हात फिरवले की पुन्हा लागतं. आणि हा जोड रिव्हेटचा नाही, स्क्रूचा आहे. सैल झाला की मी आवळेन. बांधून देऊ नका, तसाच द्या."

घरी तिनं जुने खोके गोळा केले, दोरीचे तुकडे, एक फाटकी चामड्याची पिशवी. टेबलाच्या कडेला बसून ती उघडायची, कापायची, मिटायची. उघडणं लगेच जमलं. कापायला डावं कोपर उपयोगी पडायला लागलं. कापड त्याच्याखाली दाबून ठेवलं की ते पळत नसे. मिटणं मात्र काही केल्या जमत नव्हतं. आणि एका संध्याकाळी, दादा नेमका दारात असताना, पातं मिटता मिटता तिच्या तर्जनीवर बसलं.

रक्त फार नव्हतं. दादाला मात्र तेवढं पुरलं. "बास!" त्यानं चाकू टेबलावरून उचलला, मिटला आणि कपाटावर, अगदी वर, ठेवून दिला. "माझ्या घरात हे चालणार नाही. तुला काय हवं ते सांग, मी कापून देईन, वहिनी देईल. हे धंदे बंद."

वहिनी बोटाला चिंधी बांधत होती. गाठ बसेपर्यंत धाकटी थांबली. मग तिनं पायानं स्टूल ओढलं, कपाटापाशी नेलं आणि वर चढायला लागली.

"पडशील!"

"पडले तर उठेन."

स्टूल डगमगलं. दादा पुढे झाला, पण तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याचे हात हवेतच राहिले. ती चढली, कपाटावरची धूळ चाचपत चाकू काढला आणि उतरली. श्वास लागला होता, पण आवाज चढला नव्हता.

"उघडून तू देशील, कापून तू देशील, सोलून तू देशील. मग जेवून पण तूच टाक ना माझ्या वाटचं."

"अगं, काळजी वाटते म्हणून..."

"माहीत आहे मला. पण तुझ्या काळजीनं माझं टेबल गेलं. मालकाला फोन तू केलास."

दादानं मान खाली घातली. "तुला कामाची गरजच काय?" तो म्हणाला, "मी आहे ना."

"तू आहेस. मी कुठे आहे, दादा?" तिनं चाकू झग्याच्या खिशात घातला. "माझ्या हाताची बातमी मी सांगेन, ज्याला सांगायची त्याला. तू वाटत फिरायची नाही."

"आणि अहो," वहिनी मध्येच म्हणाली, "तुम्ही दाढी करताना आठवड्याला गाल कापून घेता. तुमचं ब्लेड पण ठेवू का कपाटावर?"

दादा हसला नाही. पण पाणी प्यायला म्हणून आत गेला तेव्हा जाता जाता त्यानं ते स्टूल उचलून जागेवर ठेवलं. धाकटीनं पुन्हा खोका पुढे ओढला. त्या दिवशी तिला कळलं की मांडी थोडी आत वळवून बोटं मुठीच्या पाठीकडे सरकवली तर पातं बोटांच्या वाटेला जात नाही.

सोमवारी ती कारखान्यात पोचली. टेबलावरच्या स्पंजच्या लाद्या तिनं खांद्यानं ढकलून खाली पाडल्या. मालकानं कारखान्यातली सगळ्यात वाईट खुर्ची तिच्यापुढे आणून ठेवली. एकावर एक तीन कापडं चढवलेली, खिळ्यांना गंज, आतला काथ्या कुजलेला.

"हिचं जुनं कापड सोडव," तो म्हणाला.

सगळ्यांची कामं थांबली. धाकटीनं चाकू काढला, अंगठ्यानं उघडला, कोपरानं कापड दाबलं आणि शिवणीत पातं घातलं. बघण्यासारखं काहीच नव्हतं त्यात. थोड्या वेळानं लोक आपापल्या कामाला लागले. धूळ उडाली, ती शिंकली, दोनदा खुर्ची तिच्या हातून फिरली तेव्हा तिनं तिला भिंतीशी नेऊन गुडघ्यानं दाबून धरलं. धार मध्येच उतरली. तिनं दगड काढून लावली. जेवणाची सुट्टी झाली तरी ती उठली नाही.

दुपार कलल्यावर खुर्ची उघडी पडली. लाकडाला कुठं ओरखडा नव्हता. मालकानं सांगाड्यावरून हात फिरवला.

"वेळ लागला," तो म्हणाला.

"लागला. उद्याही लागेल. परवा कमी लागेल."

"शिलाई मात्र जमायची नाही तुझ्यानं. हातशिलाईला दोन हात लागतात. ते मी दुसऱ्याला दिलंय."

हे तिला लागलं. हातशिलाई हा तिचा अभिमान होता. तिचा टाका शोधूनही कुणाला दिसत नसे, इतका बारीक. 'जमेल मला' असं खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं, आणि रडायचं त्याहून जास्त.

"शिलाई दिलीत, ठीक," ती म्हणाली. "पण सोडवायचं काम माझं. सगळं. आणि पंख्याखाली मी बसणार नाही, आधीच सांगते. मला गिऱ्हाइकांशी गोड बोलता येत नाही."

"ते तर सगळ्या गावाला माहीत आहे," मालक म्हणाला, आणि पडलेल्या लाद्या स्वतः उचलून पलीकडे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई टेम्पोतून आरामखुर्ची घेऊन आली. धाकटी टेबलाशी होती. बाईनं तिचा डावा हात बघितला, मग मालकाकडे वळून हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "या करणार? नाही म्हणजे, खुर्ची माझ्या सासूबाईंची आहे. त्यांचा फार जीव आहे हिच्यावर."

मालकानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. धाकटीनं त्याला बोलू दिलं नाही.

"सासूबाई आत्ता बसल्यात का तिच्यावर?"

"नाही..."

"मग ठेवा खाली," धाकटी म्हणाली, आणि अंगठ्यानं चाकू उघडला.